दिवेलागणीचा खटका

दिवे गेले, की या घरातली माणसं मेणबत्ती शोधायच्या आधी मधलीला फोन लावत. ती वीजपुरवठ्याच्या नियंत्रण कक्षात कामाला होती. मोठमोठ्या पडद्यांसमोर बसायचं, कुठल्या केंद्रातून किती वीज घ्यायची आणि कुठे सोडायची ते बघायचं, हे तिचं काम. गल्लीतल्या उडालेल्या फ्यूजशी तिचा काडीचाही संबंध नव्हता. पण हे तिने इतक्यांदा सांगितलं होतं, की आता पुन्हा सांगायचा तिलाच कंटाळा यायचा. "बघते," म्हणायचं, फोन ठेवायचा आणि दिवे यायची वाट बघायची. दिवे आले की घरचे म्हणत, "मधलीने केलं."

त्यामुळे वीज महागली तेव्हा तेही मधलीनेच केलं असणार, हे ओघाने आलंच.

रविवारी दुपार कलताना ती घरी पोचली तेव्हा जेवणाच्या टेबलावरची भांडी उचलून दादाने बैठकीची तयारी केली होती. टेबलाच्या डोक्याशी तो स्वतः, उजव्या हाताला वहिनी, डाव्या हाताला धाकटा. धाकट्याला घरात सगळे वकीलच म्हणत. तो वकील होताच. पण कोर्टात कमी आणि घरात जास्त. खिडकीचा पडदा भर उजेडात ओढलेला होता. मधलीने तो सवयीने बाजूला सारला, तर दादा म्हणाला, "राहू दे. मला ती समोर नकोत."

ती म्हणजे पवनचक्क्या. गल्लीपलीकडे त्यांच्या बर्फाच्या कारखान्याचं पत्र्याचं छप्पर दिसायचं, आणि त्याच्या मागे टेकडीवर ओळीने उभ्या असलेल्या त्या पांढऱ्या, उंच, संथ फिरणाऱ्या चक्क्या. त्या उभ्या राहिल्यापासून कारखान्याचं बिल चढत गेलं होतं. आधी हे, मग ते. तेव्हा ह्यामुळेच ते. एवढ्या पुराव्यावर दादाने खटला निकालात काढला होता, आणि शिक्षा म्हणून चक्क्यांना पडदा.

"मुद्द्याचं बोलतो," दादा म्हणाला. "गोदामवाल्याने जागेला भाव दिलाय. त्याला उद्या हो किंवा नाही कळवायचंय. मी हो म्हणणार आहे. कारखाना बंद."

मधलीला वाटलं होतं तो निदान चहा होईपर्यंत थांबेल. हा कारखाना बाबांनी आणि काकांनी मिळून उभा केला होता. बंदरातल्या होड्या अजून त्यांच्याच बर्फाच्या लाद्या घेऊन समुद्रात जात. आणि दादाला दुसरं काहीच येत नव्हतं. बर्फाखेरीज त्याने आयुष्यात कशाला हात लावला नव्हता. कारखाना गेला, तर हा माणूस सकाळी उठून जाणार कुठे, हा प्रश्न तिला रस्ताभर छळत होता.

"बंद कशाला?" वकील म्हणाला. "आपण तक्रार करू. टेकडीवरच्या कंपनीवर. बंदरातले सगळे कारखानदार सह्या करतील. मी मसुदासुद्धा केलाय."

"तुझ्या मसुद्याने बिल भरायचं का?" वहिनी म्हणाली. "विकून मोकळे होऊ द्या त्यांना. घराला इतकी वर्षं रंग नाही. पैसा आला की तिकडेच जातो. गेल्या वर्षी चांगल्या होत्या त्या नळ्या काढून नव्या घातल्या. एक भोंगा पुरत होता, तर तीन लावलेत. वास आला की भोंगा, वास नाही आला तरी चाचणीचा भोंगा. माझे कान किटले."

"अमोनिया आहे तो," दादा म्हणाला. "अत्तर नाही."

"मी कुठे म्हणतेय अत्तर आहे."

आई कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून चहाचे कप एकात एक ठेवत होती. आई बैठकीत बोलत नसे. बैठक संपली, की जे व्हायचं ते ती करायची.

"ताई," वकील मधलीकडे वळला, आणि त्याचा तो उलटतपासणीचा आवाज लागला, "तू या खात्यातली. मला एकच सांग. वारा फुकट आहे ना? मग वीज महाग का?"

हा प्रश्न तिने लग्नात ऐकला होता, बारशात ऐकला होता, एकदा तर दंतवैद्याच्या खुर्चीत तोंड उघडं असताना ऐकला होता. तिने खोल श्वास घेतला.

"वारा फुकट आहे. खांब फुकट नाही, तारा फुकट नाहीत. आणि संध्याकाळी, बरोबर सगळे घरी येऊन दिवे लावतात तेव्हा, वारा पडतो. मग गॅसवरचं केंद्र चालवावं लागतं. गॅस बाहेरून येतो, त्याचा भाव कुठल्या कुठे गेलाय. आणि त्या घटकेला जे सगळ्यात महाग केंद्र चालू असेल, त्याचा भाव सगळ्याच विजेला लागतो."

"म्हणजे एका महागड्यापायी बाकीच्यांनीही महाग विकायची?" वहिनीने विचारलं.

"हो."

"हा कुठला न्याय?"

"न्याय नाही, वहिनी. बाजार आहे."

"आणि पवनचक्क्यांचा त्यात काहीच हात नाही," वकील म्हणाला. "सगळ्या धुतल्या तांदळासारख्या."

"आहे ना. टेकडीवरून वीज आणायला नव्या तारा टाकल्या, त्यांचा खर्च बिलात लावलाय. मी नाही कुठे म्हणतेय?"

"मान्य केलं," वकील दादाला म्हणाला. "ऐकलंस? मान्य केलं तिने."

"अरे, पुढचं ऐक तरी."

"पुढचं काय ऐकायचं? मूळ मुद्दा मान्य झाला."

मधलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नियंत्रण कक्षात एकेका तारेवर किती भार आहे हे ती डोळ्यांत तेल घालून बघायची. तिथे ती कधी आवाज चढवत नसे. पण या टेबलाशी बसलं, की दहा मिनिटांत तिचं पुन्हा फ्रॉक घातलेल्या पोरीत रूपांतर व्हायचं, जिला दोन्हीकडून चिडवता येतं.

"पुढचं हे," ती म्हणाली, "की रात्री टेकडीवर वारा सुटतो आणि वीज घ्यायला कोणी नसतं. लोक झोपलेले, गिरण्या बंद. मग मी फोन करते आणि सांगते, इतक्या चक्क्या थांबवा. चांगल्या चालत्या चक्क्या. मी स्वतः थांबवते, दादा. आणि म्हणून रात्रीचा दर दिवसाच्या निम्म्यावर आणलाय. घ्या हो कोणीतरी, म्हणून."

वकिलाने मोबाइल उलटा करून ठेवला. वहिनी टेबलावरचा साखरेचा दाणा बोटाने टिपू लागली. कारण पुढचं वाक्य काय आहे हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं.

बर्फाचा कारखाना रात्री बंद असायचा. बंदरातले बाकीचे कारखाने रात्रंदिवस चालत. यांचाच एक दिवेलागणीला गप्प व्हायचा. रोज संध्याकाळी आई चपला घालून गल्ली ओलांडायची, यंत्राच्या खोलीत जायची आणि भिंतीवरचा मोठा खटका दोन्ही हातांनी खाली ओढायची. आजारपण असो, पाऊस असो, पाहुणे दारात उभे असोत. बाबांचा नियम होता तो. काका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, रात्रपाळीला तिथे बाजेवर झोपलेले असताना गारवा करणाऱ्या अमोनिया वायूची नळी फुटली आणि ते गुदमरून गेले. त्यानंतर बाबांनी शब्द दिला, की या घराचं यंत्र रात्री चालणार नाही. बाबा गेले, यंत्र बदललं, नळ्या बदलल्या. नियम तसाच राहिला. त्याला हात लावायची कोणाची छाती नव्हती.

"मी बोलू का?" मधली म्हणाली.

"नको," दादा म्हणाला.

"आपला कारखाना वीज महाग असते तेव्हा चालतो आणि स्वस्त असते तेव्हा बंद असतो. वर रात्रभर यंत्र बंद, म्हणजे टाकीतल्या, बर्फ गोठवणाऱ्या मिठाच्या पाण्याचं तापमान चढतं. सकाळचे पहिले काही तास ते परत खाली आणण्यातच जातात. बर्फ एक लादी नाही, नुसतं पाणी गार करायचं, आणि तेही सकाळच्या महाग दराने. चक्क्या काय करतील त्याला? रात्री चालव. नुसतं रात्री चालव, बिल इतकं उतरेल की त्या गोदामवाल्याला तू दारात उभा करणार नाहीस."

"आईसमोर हा विषय नको म्हटलं ना."

"मग कोणासमोर काढू? तीन वर्षं तू चक्क्यांना शिव्या घालतोयस. मला घालतोयस. खरं कारण भिंतीवर लटकलंय आणि तू खिडकीला पडदा लावतोस."

"बाबांचा शब्द आहे तो." दादाचा आवाज एकदम बारीक झाला. "बाबांचा शब्द मोडण्यापेक्षा मी जागा विकीन. झालं समाधान?"

"बाबा असते तर त्यांनी स्वतः मोडला असता."

"तुला काय माहीत बाबांनी काय केलं असतं? तू तेव्हा रांगत होतीस."

मधली उठली. आणखी बसली असती तर रडली असती, आणि रागाने आलेलं रडू या घरात नेहमी माघार म्हणून धरलं जाई. आईसमोरचे कप उचलायचं निमित्त करून ती स्वयंपाकघरात गेली. नळ सोडला आणि धुतलेला कप पुन्हा धुवायला घेतला.

आई मागोमाग आली. तिने नळ बंद केला. "पाणी वाया जातंय."

"आई, तू तरी सांग त्याला. तुझ्यामुळे अडलंय सगळं. मला माहितेय तुला त्रास होईल. पण तू एकदा म्हणालीस, की चालवा रात्री, तर तो कारखाना विकणार नाही."

"रात्रीची वीज स्वस्त असते हे तू मागच्या वर्षी सांगितलंस तेव्हाच कळलं मला. म्हातारी झालेय, खुळी नाही झाले."

"मग?"

आईने हातातलं फडकं नीट चौकोनी घडी करून ओट्यावर ठेवलं. मग ते उलगडलं आणि पुन्हा घडी घातली. "काकांना आधी कोणी पाहिलं, माहितेय तुला?"

"बाबांनी."

"बाबा त्या दिवशी तापाने फणफणलेले होते. काका रात्रपाळी झाली की सकाळच्या चहाला थांबायचे. किटली मी थोरल्याकडे दिली. शाळेचा शर्ट घालून तयार झाला होता तो. म्हटलं, जाताजाता देऊन ये."

मधलीने हातातला कप ओट्यावर ठेवला.

"दार उघडं होतं, म्हणून वास बराचसा निघून गेला होता. नाहीतर..." आईने फडकं पुन्हा उलगडलं. "परत आला तेव्हा किटली हातात तशीच. एक थेंब सांडला नव्हता. म्हणाला, आई, काका उठत नाहीत."

बाहेर वकील काहीतरी मोठ्याने सांगत होता आणि वहिनी त्याला मध्येच तोडत होती. नेहमीचंच.

"पुढे कारखाना पुन्हा सुरू झाला, तर हा रात्री उठायला लागला. अनवाणी जायचा गल्ली ओलांडून. यंत्राच्या खोलीच्या फटीला नाक लावून उभा राहायचा, वास येतोय का बघत. मी मागे जायचे, उचलून आणायचे. पुन्हा जायचा. यंत्राचा आवाज येत असला की पोराचा डोळा लागायचा नाही. शाळेतून निरोप यायला लागले, की वर्गात झोपतो म्हणून. शेवटी एक दिवस संध्याकाळी मीच गेले आणि ओढला खटका. त्या रात्री झोपला. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा ओढला."

"आणि बाबांचा नियम?"

"बाबा म्हणाले, लोकांना माझं नाव सांग. पोराचं नको सांगूस."

मधलीला ते तीन भोंगे आठवले. गेल्या वर्षी बदललेल्या धडधाकट नळ्या आठवल्या. तीन वर्षं तिने भावाला हटवादी म्हटलं होतं, अडाणी म्हटलं होतं, एकदा तर त्याच्याच पोरांदेखत म्हटलं होतं. तो सगळं ऐकून घ्यायचा आणि टेकडीकडे बोट दाखवायचा. आता तिला त्या बोटाचं वाईट वाटलं.

"तू कधी विचारलं नाहीस त्याला?"

"काय विचारू? केस पांढरे झालेत त्याचे. एवढ्या बाप्याला विचारू, की भीती वाटते का रे?" आईचा आवाज पहिल्यांदा चिडका झाला. "वाटलं होतं, एक दिवस तोच म्हणेल, आई, आता नको ओढूस. म्हणेपर्यंत ओढेन म्हटलं. तर हा जागाच विकायला निघालाय."

"मग आता काय करायचं?"

"मला काय विचारतेस? जगाची वीज तू सांभाळतेस ना? बघ काहीतरी."

"बघते," मधली म्हणाली. तोंडात बसलेला शब्द होता, निघून गेला.

ती बाहेर आली तर टेबलाशी राज्य बदललेलं होतं. दादा नव्हता, कारखाना बंद व्हायच्या सुमारास तो नेहमीच तिकडे जाऊन बसायचा. आणि मघाशी एकमेकांवर तुटून पडलेले वहिनी आणि वकील आता मांडीला मांडी लावून बसले होते.

"ताई, तुझं पटलं मला," वकील म्हणाला. "हिशेबाने बघितलं तर तुझंच बरोबर आहे. प्रश्न फक्त आईचा आहे. तिला कसं समजवायचं ते ठरवू."

"सासूबाई हट्ट सोडायच्या नाहीत," वहिनी कुजबुजली. "पण तुम्ही बोललात तर ऐकतील. इतकी वर्षं सगळ्यांना वेठीला धरलंय म्हणजे..."

"आईचं नाव काढायचं नाही," मधली म्हणाली.

दोघांनीही तिच्याकडे बघितलं. मघाशी त्या खटक्यावरून तीच तर ओरडत होती.

"तूच म्हणालीस ना, की..."

"मी चुकले. झालं? मान्य केलं, लिहून घे. आणि तो मसुदा फाडून टाक."

वकिलाला आयुष्यात पहिल्यांदाच, न भांडता समोरच्याची कबुली मिळाली होती. ती घेऊन काय करावं हे त्याला कळेना, म्हणून त्याने उलटा ठेवलेला मोबाइल सुलटा केला.

तेवढ्यात आई चपला घालून दाराशी आली. मधलीही निघाली. गल्लीत उजेड उतरत चालला होता. बंदराकडून माशांचा आणि डिझेलचा मिसळलेला वास येत होता, आणि कारखान्याचा तो दबका, एकसुरी आवाज, ज्याच्याकडे घरात कोणाचंच लक्ष नसे. तो थांबला की तेवढं कळायचं.

यंत्राच्या खोलीला लागून दादाची काचेची केबिन होती. तो आत नुसता बसला होता. समोर गोदामवाल्याचं कार्ड. आईला बघून तो उठला आणि दाराशी येऊन उभा राहिला. रोज तो इथेच उभा राहत असणार, खटका पडेपर्यंत, हे मधलीच्या आज लक्षात आलं.

आईने दोन्ही हात खटक्यावर ठेवले.

"आई, थांब जरा," मधली म्हणाली. मग दादाकडे न बघता, समोरच्या नळ्यांकडे बघत बोलली. "दादा, मला आज इथे थांबायचंय. माझी सुट्टी आहे, आणि रात्रपाळ्या करून करून मला सुट्टीच्या रात्रीही झोप येत नाही. घरी आढ्याकडे बघत पडण्यापेक्षा इथे बसते. यंत्र चालू राहिलं तर मला सोबत होईल."

"इथे? एकटी?"

"तू थांबलास तर एकटी नाही."

दादाने तिच्याकडे बघितलं. मग आईकडे. आईने मान वळवली नाही; ती हात खटक्यावर ठेवून भिंतीकडेच बघत होती. दादाला कळलं, की मधलीला सगळं कळलंय. त्याच्या चेहऱ्यावर आधी संताप आला, कानाच्या पाळ्या लाल झाल्या, आणि मधलीला वाटलं, आता हा आपल्याला हाकलून देणार.

"भोंगे चालतात ना?" तिने विचारलं.

"तिन्ही चालतात." त्याने वर एकेका भोंग्याकडे बघितलं. "सकाळीच बघितलेत. पंखेही."

"मग झालं तर."

यंत्र चालतच होतं. शेवटी दादा आईच्या मागे जाऊन उभा राहिला. लहान मूल पदर ओढतं तसा त्याने तिच्या कोपराला हात लावला.

"आई," तो म्हणाला. "आज नको."

आईने हात काढले. तळवे एकमेकांवर चोळले. "बरं झालं," ती म्हणाली. "जड जातो हल्ली मला." आणि घराकडे चालू लागली. गल्लीच्या मध्यावर ती जराशी थांबली, कारण मागचा आवाज थांबला नव्हता. मग पुढे गेली.

दादाने केबिनमधून दोन खुर्च्या ओढत आणल्या. यंत्राजवळ नाही; उघड्या दारात, जिथे बाहेरचं वारं लागत होतं. तिथेच मांडल्या आणि दोघं बसली. गोदामवाल्याचं कार्ड त्याने खिशात घातलं. "याला उद्या नाही कळवतो," तो म्हणाला, जसं काही कोणी पाणी हवं का विचारलं होतं.

समोर अंधार पडत होता. टेकडीवर चक्क्यांच्या टोकांवरचे लाल दिवे लागले.

"वारा आहे का गं आज?" त्याने विचारलं. तीन वर्षांत त्याने हा प्रश्न टोमणा म्हणून शंभरदा विचारला होता. आज त्याला उत्तर हवं होतं.

"सुटेल आता."

तो टेकडीकडे बघत राहिला. मग मागे वळून त्याने वास येतोय का ते बघितलं, आणि ते तिला दिसतंय हे कळूनही लपवलं नाही.

"मधले."

"काय?"

"सकाळी चहा घेऊन कोणाला पाठवू नका म्हणावं."

"नाही पाठवणार," ती म्हणाली. "आपणच जाऊ घरी चहाला. दोघं."